आरशाचं टेबल आणि काचेतलं भूत: रंगमंचावरच्या दृष्टिभ्रमांची मापं

गुण्या_ओळंबा

टेबलावर पेटी, पेटीत बोलणारं मुंडकं, आणि टेबलाखाली आरपार मोकळी जागा. हा खेळ कर्नल स्टोडेअर या जादूगाराने १६ ऑक्टोबर १८६५ रोजी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ‘स्फिंक्स’ नावाने पहिल्यांदा केला. कल्पना टॉमस टोबिनची. शेवटी पेटी पुन्हा उघडली की मुंडक्याच्या जागी मूठभर राख असायची. युक्ती कधीच छापून आली, तरी शाळा-कॉलेजांच्या संमेलनांत हे टेबल अजून बनतं आणि बऱ्याचदा फसतं. दोष आरशाचा नसतो. टेबल तयार होतं, पण सभागृहाचं माप कुणी घेतलेलंच नसतं.

टेबलाला पाय तीन. एक बरोबर प्रेक्षकांसमोर, दोन मागे. पुढच्या पायापासून मागच्या प्रत्येक पायापर्यंत एकेक आरसा उभा, चकाकती बाजू बाहेर. दोन आरशांत काटकोन, त्याचं टोक प्रेक्षकांकडे. प्रेक्षकाला वाटतं आपण टेबलाखालून मागचा पडदा पाहतोय. प्रत्यक्षात डाव्या आरशात त्याला डावीकडचा पडदा दिसतो, उजव्यात उजवीकडचा. आरशांमागे मुलगा बसतो, आणि त्याचं डोकं फळीच्या भोकातून वर पेटीत येतं.

आरसे ६० × ७२ सेंमी, ४ मिमी जाडीचे. एकेक सव्वाचार किलोच्या आसपास भरतो. टेबलाची उंची ७५ सेंमी, वर राहिलेली ३ सेंमीची फट फळीच्या झालरीत झाकायची. आरशांची मधली सांध पुढच्या पायामागे जाते, म्हणून तो पाय निदान ४ सेंमी रुंद आणि गोल हवा.

काटकोन नुसत्या गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) तपासू नका, त्याचा हात तोकडा पडतो. आरशांच्या मागच्या दोन कडांमधलं अंतर मोजा. ते ८४.८ सेंमी भरलं की काटकोन बरोबर. तिथे १ सेंमीची चूक झाली तर अडीच मीटरवरच्या पडद्याचं प्रतिबिंब सुमारे ६ सेंमी सरकतं. आणि आरसा उभा सरळ आहे का ते बघायला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावायचाच. ७२ सेंमी उंचीत आरसा २ मिमी कलला तर पडदा जमिनीला टेकतो ती रेघ आरशात १ सेंमी वर किंवा खाली दिसते. ती तुटलेली रेघ नेमकी टेबलाच्या पायाशीच असते, आणि लोकांची नजरही तिथेच खिळलेली असते.

आता मुख्य नियम: पुढच्या पायापासून मागचा पडदा जितका लांब, तितकेच दोन्ही बाजूंचे पडदे लांब. सेंटिमीटरचाही फरक नको. तिन्ही पडदे एकाच ताग्यातले, चुण्या सारख्याच अंतरावर.

तिसरी_घंटा

मापं उत्तम दिली आहेत. त्यात खुर्च्यांचं गणित जोडतो, कारण बिंग फुटतं ते कडेच्या खुर्च्यांवरून.

मध्यावर बसलेल्याची नजर डाव्या आरशावर पडली की सरळ डावीकडे वळते. पण डावीकडे २० अंशांवर बसलेल्याची नजर वळते ती डावीकडे आणि २० अंश पुढे, म्हणजे प्रेक्षागृहाच्या दिशेने. बाजूचा पडदा अडीच मीटरवर असेल तर त्या माणसासाठी तो पडदा टेबलाच्या पुढच्या पायाच्या रेषेपुढे निदान ९० सेंमी यायला हवा. ३० अंशांवरच्या खुर्चीसाठी जवळजवळ दीड मीटर. पडदा तेवढा पुढे आला नाही तर त्या खुर्चीवरून टेबलाखाली विंगेचा लोखंडी पाइप दिसतो, किंवा सरळ पहिल्या रांगेतले पाहुणे.

म्हणून टेबल बनवायच्या आधी सभागृहात जा. टेबलाच्या जागी खडूची खूण करा आणि तिथून पहिल्या रांगेतल्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांपर्यंत सुतळी ताणा. सुतळीचा मधल्या रेषेशी जो कोन होतो त्यावर सगळं ठरतं. कोन ३५ च्या वर गेला तर टेबल आणखी मागे न्या, नाहीतर पहिल्या दोन रांगांच्या कडेच्या खुर्च्या रिकाम्या ठेवा. आयोजक कुरकुर करतात, पण त्या सहा-आठ खुर्च्यांपायी अख्ख्या सभागृहाचा खेळ जातो.

बाल्कनीची भीती बाळगू नका. आरसे उभे असल्यामुळे वरून पाहिल्याने आडवा कोन बदलत नाही. फक्त वरून पडदा कमी आणि जमीन जास्त दिसते, म्हणून जमीन नीट हवी.

नवा_गडी

जमीन नीट म्हणजे काय? आमच्या हॉलमध्ये सतरंज्या आहेत, त्या अंथरल्या तर चालतील का?

गुण्या_ओळंबा

सतरंजी अजिबात नको. पट्टे प्रेक्षकांच्या दिशेने जाणारे असतील तर आरशात ते आडवे दिसतात, आणि टेबलाखाली पट्टे एकदम काटकोनात वळलेले दिसतात. फळ्यांच्या रंगमंचावरही हाच घोटाळा होतो, कारण फळ्यांच्या सांधी म्हणजे रेघाच. एकरंगी, बारीक लवेचं कार्पेट घ्या आणि ते बाजूच्या पडद्यापर्यंत पोचू द्या. लवेचा दुसराही उपयोग आहे: आरशाची खालची कड तिच्यात ५-६ मिमी बुडते आणि दिसेनाशी होते. फरशीवर ती कड चांदीच्या तारेसारखी चमकते.

जादूगाराने कुठे वावरायचं तेही आखून घ्या. पुढच्या पायापासून डावी-उजवीकडे, प्रेक्षकांच्या दिशेने ४५ अंशात दोन रेघा मारा. त्या दोन रेघांच्या मधल्या, पुढच्या पाचरीत तो असेल तर ४५ अंशांच्या आत बसलेल्या कुणालाही त्याचं प्रतिबिंब दिसत नाही. रेघ ओलांडून टेबलाच्या बाजूला सरकला की एखाद्या कडेच्या खुर्चीवरून टेबलाखाली दोन बूट उगवतात. आणि टेबलामागून तर जायचंच नाही. लोकांच्या लेखी तिथून पाय दिसायला हवेत, आणि ते दिसत नाहीत.

दिवेकर_डिमरवाले

प्रकाशाचं राहिलं. माझ्या मते या खेळात निम्मं काम प्रकाशाचं.

पहिलं म्हणजे कवडसा. समोरचा एखादा स्पॉट थेट आरशावर पडला की बाजूच्या पडद्यावर चौकोनी लख्ख कवडसा उमटतो. आरसा साफ लपला असेल, पण कवडसा चुगली करतो. समोरचे सगळे दिवे उंचावरून आणि कापून घ्या, टेबलाच्या फळीखाली थेट उजेड जाताच कामा नये. फळीची सावली इथे उपयोगी पडते, दिवा जितका डोक्यावर तितकी ती आरशाला जास्त झाकते. मुंडक्यावरचा स्पॉट अरुंद, फक्त पेटीपुरता. मोबाइलच्या फ्लॅशनेही क्षणभर कवडसा पडतो, तेव्हा प्रयोगाआधी फ्लॅशबद्दल सूचना द्यायला विसरू नका.

दुसरं म्हणजे पडद्यांवरचा उजेड. घरगुती आरसा पडलेल्या प्रकाशातला दहा-पंधरा टक्के तरी खातो आणि थोडी हिरवट झाक देतो. म्हणजे तिन्ही पडद्यांवर सारखाच उजेड ठेवला तर टेबलाखालचा चौकोन किंचित मळकट दिसणार. बाजूच्या पडद्यांवरचे दिवे डिमरवर तेवढेच चढवा. मीटरच्या आकड्यावर विसंबू नका, आठव्या-दहाव्या रांगेत बसून डोळे बारीक करून बघा. कड शोधावी लागली म्हणजे जमलं.

गडद मरून किंवा गडद निळा पडदा निवडा. पांढरा किंवा फिका पडदा असेल तर हा दहा टक्क्यांचा फरक लपत नाही.

आणि धूळ. बाजूने घासून येणाऱ्या उजेडात आरशावरचा प्रत्येक कण ठिणगीसारखा दिसतो. पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं. ओलं फडकं नको, ओघळ राहतात. पुसणाऱ्याच्या हातात सुती मोजे हवेत. अंगठ्याचा एकच ठसा, आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला हवेत तरंगणारा डाग दिसतो.

भिंगवाले_गुरुजी

दुसऱ्या अर्ध्या विषयाकडे वळतो, म्हणजे साध्या काचेच्या भुताकडे: लपलेल्या नटाचं काचेतलं प्रतिबिंब रंगमंचावर भुतासारखं दिसतं. यालाच ‘पेपरचं भूत’ म्हणतात. हे नाव कागदावरून पडलेलं नाही. जॉन हेन्री पेपर हे लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेतले गृहस्थ. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, १८५८ मधली, पण तिच्यासाठी नाट्यगृहाचीच मोडतोड करावी लागली असती. पेपर यांनी काच प्रेक्षकांकडे झुकवली, नट रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात उतरवला आणि २४ डिसेंबर १८६२ ला डिकन्सच्या कथेवरच्या प्रवेशात भूत उभं केलं. त्याच्याही कितीतरी आधी, १५८९ मध्ये, इटलीतल्या जाम्बातिस्ता देल्ला पोर्ता यांनी काचेच्या प्रतिबिंबाने खोलीत नसलेल्या वस्तू दाखवायची रीत लिहून ठेवली होती.

मुलांना आधी हा छोटा प्रयोग दाखवावा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. टेबलावर एक उभी काच. काचेच्या अलीकडे ३० सेंमीवर पेटती मेणबत्ती, पुठ्ठा लावून बघणाऱ्यापासून लपवलेली. काचेच्या पलीकडे बरोबर ३० सेंमीवर पाण्याने भरलेला ग्लास. खोली अंधारी. मेणबत्ती पाण्यात जळताना दिसते. आता ग्लास ५ सेंमी मागे सरकवा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा: ज्योत ग्लासातून बाहेर घसरते. वस्तू काचेपासून जितकी अलीकडे, भूत तितकंच पलीकडे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

आता आकडे. ४५ अंशात पडलेल्या प्रकाशातला साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून दहाएक टक्केच परततो. म्हणजे रंगमंचावरच्या नटाइतकं ठसठशीत भूत हवं असेल तर लपलेल्या नटावर दसपट उजेड लागतो. कमी चालतो, कारण भूत थोडं विरळच असावं, पण निदान चारपट-पाचपट हवाच. लपलेल्या जागेत नटाच्या मागचं, खालचं, बाजूचं सगळं मिट्ट काळं. तिथली एक पांढरी खिळेपट्टी राहिली तर तीही भुताबरोबर तरंगते.

दुसरी अडचण दुहेरी प्रतिबिंबाची. काचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रतिमा येते, आणि ४५ अंशात त्या दोहोंत काचेच्या जाडीच्या साधारण पाऊणपट अंतर पडतं. ४ मिमी काचेत ३ मिमी, ते चौथ्या रांगेतून कळत नाही. १० मिमीत साडेसात मिमी, आणि मग भुताला दोन नाकं दिसतात. जाड काच मजबूत असते, पण चित्र बिघडवते.

नवा_गडी

गुरुजी, आमच्या रंगमंचाला पुढे खड्डा नाही. मग भूत होणारच नाही का?

भिंगवाले_गुरुजी

होईल की. काच झुकवायची नाही, उभीच ठेवून ४५ अंश वळवायची आणि भुताचा नट विंगेत उभा करायचा. आपल्याकडच्या बहुतेक रंगमंचांवर हेच सोयीचं. उलट एक अडचण यात टळते. झुकलेल्या काचेत भूत सरळ उभं दिसायला हवं असेल तर काच जितकी झुकली त्याच्या दुप्पट नटाला कलावं लागतं. काच उभ्यापासून २० अंश झुकली तर नट ४० अंश कललेला, फळीवर पाठ टेकून. तसा माणूस चालू शकत नाही, त्याला ट्रॉलीवरून ओढावं लागतं, आणि भूत चालण्याऐवजी सरकतं. विंगेतला नट मात्र नेहमीसारखा उभा राहतो, चालतो.

विंगेच्या पद्धतीत तिसरी_घंटा यांचा कोनाचा नियम जसाच्या तसा लागू होतो: काच ज्या विंगेकडे वळलेली, त्या बाजूच्या खुर्च्यांना काचेत प्रेक्षागृहच दिसतं. दरवाज्यावरची हिरवी ‘बाहेर’ची पाटी भुताच्या छातीवर उमटते ती अशीच. ती पाटी कधीही झाकू नका, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. काच दोन-चार अंश फिरवा किंवा विंगेचा काळा पडदा आणखी पुढे ओढा.

डावं-उजवंही उलटतं. तलवार उजव्या हातात दिसायची असेल तर नटाने ती डाव्या हातात धरायची. सदऱ्याची बटणपट्टी, साडीचा पदर, सगळं उलटं नेसवून तालीम करा. पदराची चूक मराठी प्रेक्षकाला लगेच खटकते.

तिसरी_घंटा

काचेच्या वजनाचा विचार आधी करा. दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो, हे साधं गणित. पूर्ण उंचीचं भूत हवं म्हणून ३ × २.५ मीटरची ८ मिमी काच घेतली तर १५० किलो झाली. हौशी मंडळींनी ती रंगमंचावर चढवू नये असं मला अगदी कळकळीने वाटतं. ॲक्रिलिकचं वजन निम्म्याहून कमी, पण मोठा पत्रा मधे पोट काढतो आणि भूत जत्रेतल्या वेड्यावाकड्या आरशासारखं ताणलं जातं. ओरखडेही लगेच पडतात.

मोठ्या कार्यक्रमांत ताणलेली पारदर्शक फिल्म वापरतात. २०१२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत नरेंद्र मोदींची एकाच वेळी अनेक ठिकाणी जी त्रिमिती भाषणं झाली, त्यांच्यामागे हेच दीडशे वर्षांपूर्वीचं तत्त्व होतं. लोक त्याला होलोग्राम म्हणतात, तो होलोग्राम नव्हे. फिल्मला दुहेरी प्रतिबिंबाचा त्रास नाही, पण चारही बाजूंनी सारखा ताण लागतो. एसीचा झोत किंवा पंख्याचा वारा लागला की भूत श्वास घेतल्यासारखं फुगतं.

शाळेसाठी माझा सल्ला: माणसाएवढं भूत करूच नका. ६० × ९० सेंमीच्या खिडकीतून नुसता चेहरा दाखवा. ५ मिमीची काच पावणेसात किलोची होते, लाकडी चौकटीत घट्ट बसवता येते आणि दोन माणसं सहज उचलतात.

भिंगवाले_गुरुजी

याला पूर्ण सहमती. विज्ञान प्रदर्शनासाठी याहून लहान हवं असेल तर मोबाइलवरचा पिरॅमिड करा, म्हणजे पडद्यावरचं चित्र त्यात तरंगताना दिसतं. पारदर्शक पत्र्याचे चार समलंब तुकडे: खालची बाजू ६ सेंमी, वरची १, उंची साडेतीन. साडेतीनच का? ६ आणि १ यांतल्या फरकाचं अर्धं अडीच, आणि अडीचला दोनच्या वर्गमुळाने गुणलं की ३.५४. तेवढी तिरपी उंची घेतली तरच प्रत्येक बाजू ४५ अंशात उभी राहते. पुष्कळ मुलं तीन किंवा चार सेंमी घेतात आणि चित्र तिरकं का येतं ते त्यांना कळत नाही.

मखमली_अंधार

आरसा नको, काच नको असं कुणी म्हणत असेल तर काळ्यावर काळं. १८८० च्या दशकात बर्लिनमध्ये माक्स आउझिंगरने हा प्रकार रंगमंचावर गाजवला. मागे, वर, बाजूला, खाली काळी मखमल. काळ्या मखमलीच्या पायघोळ अंगरख्यातला मदतनीस पांढरी खुर्ची उचलतो, आणि खुर्ची हवेत तरंगते.

दिवे मदतनिसावर नाहीत, रंगमंचाच्या कडेने प्रेक्षकांच्या तोंडावर. डोळ्यांत उजेड गेला की बाहुली आकसते आणि मागचा काळोख आणखी काळा होतो. पण प्रेक्षक डोळे चोळू लागेल इतका झगझगीत प्रकाश नको. मंद, पिवळसर, ओळीने लावलेले दिवे पुरे.

मखमल एकाच वेळी, एकाच ताग्यातून घ्या. दोन दुकानांतली काळी मखमल दिवसा सारखी दिसते, दिव्याखाली एक तांबूस मारते आणि दुसरी निळसर, मग मदतनीस कापून चिकटवल्यासारखा उठून दिसतो. शिवताना लवेची दिशा पडद्याची आणि अंगरख्याची एकच ठेवा. तळवा वरून खाली फिरवून बघा: एका दिशेला मऊ लागतं, उलट दिशेला अडखळतं. ज्या दिशेने कापड जास्त काळं दिसतं ती सगळीकडे ठेवायची. साटीन, टेरिकॉट काही चालत नाही, चमकतं.

कापसाचा एक धागाही पांढरा दिसतो. चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून प्रत्येक प्रयोगाआधी सगळी मखमल टिपून घ्या. मदतनिसाच्या तोंडावर जाळी दुहेरी हवी, एकेरी जाळीतून घामाने ओलं झालेलं कपाळ लकाकतं.

आता नवी अडचण मोबाइलची. डोळा फसतो, पण कॅमेरा अंधारात उजेड साठवत बसतो आणि फोटोत मदतनीस स्वच्छ दिसतो. यावर मला एकच खात्रीचा उपाय माहीत आहे: वस्तू सतत हलती ठेवा आणि मदतनीस तिच्यामागून कधीही बाहेर येऊ देऊ नका.

नवा_गडी

एक मनातली शंका. हे सगळं असं उघड लिहिणं योग्य आहे का? जादूगारांचं पोट यावर चालतं.

गुण्या_ओळंबा

शंका रास्त आहे. माझी रेघ अशी: जे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापून आलंय आणि शाळेच्या भौतिकशास्त्रात बसतं, ते लिहावं. आज कुणी नवीन बांधलेला खेळ, कुणाची खास पेटी, ते मी लिहिणार नाही आणि इथे कुणी लिहू नये. असं लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे. जत्रेत कनातीतल्या ‘धड नसलेल्या’ माणसाला नवस बोलणारे लोक असतात. त्यांना आरशाचा नियम कळलेला बरा. कनातीत लाकडी कठडा टाकून बघणाऱ्याला एकाच जागी उभं करतात, तेही कोनासाठीच.

नवा_गडी

पटलं. मग शेवटचं विचारतो, टेबलाखालच्या मुलाला जागा पुरेल का? आणि आरसे टेम्पोतून न्यायचे कसे?

गुण्या_ओळंबा

जागा पुरते. ४५ अंशांपर्यंत कुणीही बघितलं तरी आरशांमागे ६० × ६० सेंमीचा चौकोन पूर्ण झाकलेला राहतो, कोपरा पुढे असलेला, समोरून मागे ८५ सेंमी. बसणारे ३० अंशांच्या आतच असतील तर मागची लपलेली जागा ११५ सेंमीपर्यंत लांबते, फक्त निमुळती होत जाते. मुलाने टाचांवर बसायचं, गुडघे जुळवून कोपऱ्याकडे, पावलं मागे. उंची कमी पडली तर खाली पाट. भोक मापाने पाडू नका, त्याला बसवून खूण करा आणि मगच करवत लावा. मान वाकवून दहा मिनिटं कुणी स्थिर राहू शकत नाही, आणि ते मुंडकं डुलायला लागलं की संपलं. आतली वेळ चार-पाच मिनिटांवर नेऊ नका, पेटीजवळ मेणबत्ती किंवा धूप ठेवू नका, आणि मागून उठून जायची वाट मोकळी ठेवा.

आरशाच्या पाठीला आधी काच न विखुरणारी चिकट फिल्म लावून घ्या, कडा काचवाल्याकडून घासून घ्या. टेम्पोत आरसे आडवे कधीच नाहीत. उभे, समोरासमोर, मधे जाड सुती चादर, खाली फोम, आणि दोरी चौकटीला बांधायची, काचेला नाही. हॉलवर पोचल्यावर आधी कार्पेट, मग पडदे, मग दिवे. आरसे सर्वांत शेवटी बसवायचे, आणि बसवले की पुन्हा ८४.८ मोजायचं.